घरी आलेले काम आणि दारी उभा देव

वारकऱ्याला देवासाठी घर सोडावे लागत नाही, ही आपल्या संप्रदायाची मोठी थोरवी आहे. तेरचे गोरोबाकाका चाकावर बसून भक्त झाले. अरणचे सावतोबा मळ्यातून हलले नाहीत. नरहरी सोनारांच्या हातची हातोडी सुटली नाही आणि जनाबाईच्या हातचा जात्याचा खुंटा सुटला नाही. रानात जा, अंगाला राख लावा, बायकापोरे टाका, असे आपल्या संतांनी कोणाला सांगितले नाही. म्हणूनच कीर्तन आटोपल्यावर एखाद्याने विचारले, "महाराज, आम्ही दिवसभर घरीच कामात असतो, आम्ही देव केव्हा भजावा?", तर उत्तर तयार असते : बाबा रे, कामच भजन कर.

हे उत्तर खरे आहे. पण ते पुरे आहे काय? ज्या घरात काम शिरले आणि एकदा शिरले ते पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत बाहेर पडेना, त्या घराला एवढे एकच उत्तर सांगून आपण त्याचे भले करतो, की त्याच्या मानेवरचे जू पुण्याईच्या दोरीने आणखी आवळतो? आज आम्हांस याचा विचार करावयाचा आहे.

घरून काम ही नवी गोष्ट आहे, असे पुष्कळांना वाटते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, पुण्या-नागपूरच्या कचेऱ्या बंद पडल्या, आणि शिकलीसवरली मुले आपापल्या गावी येऊन लॅपटॉप मांडून बसली. तेव्हापासून हा शब्द लोकांच्या तोंडी रुळला. परंतु ज्याला घरून काम म्हणजे काय हे खरोखर समजून घ्यावयाचे आहे, त्याने गोंदिया जिल्ह्यात यावे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. तांदळाच्या गिरण्यांसाठी गोंदिया प्रसिद्ध, तशीच विडीसाठीही प्रसिद्ध. इथल्या कितीएक घरांत तीन-तीन पिढ्या बायकांनी घरून काम केले आहे. त्याला त्या 'घरून काम' म्हणत नाहीत. 'विड्या वळणे' म्हणतात.

उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यांत, जंगलातून तेंदूची पाने तोडून आणतात. सत्तर पानांचा एक पुडा बांधतात, ते उन्हात वाळवतात. पुढे ही पाने आणि जर्दा ठेकेदाराकडून, म्हणजे जुन्या बोलीतल्या सट्टेदाराकडून, मोजून-तोलून घरी येतात. रात्री पाने भिजवायची, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी साच्यावर ठेवून कात्रीने एकसारखी कापायची. मांडीवर सूप, सुपात जर्दा, बोटांत पान. चिमूटभर जर्दा पसरायचा, वळायचे, टोक दुमडायचे, दोरा गुंडाळायचा. अशा पंचवीस विड्यांचा एक कट्टा. मजुरी हजारावर. हजार विड्या म्हणजे हजार वेळा तेच वळण, तोच दोरा, तीच खाली झुकलेली मान. संध्याकाळी माल पोचवायचा. तिथे तो तपासला जातो आणि नापास झालेल्या विड्यांचे पैसे कापले जातात.

अशा बाईला कोणी विचारले की काम कसे आहे, तर ती म्हणते, "घरचंच काम आहे जी. उन्हात जावं लागत नाही, कोणाचं तोंड पाहावं लागत नाही, लेकरू डोळ्यासमोर राहते." हे तिचे म्हणणे खोटे नाही. घरच्या कामाचे तीन गोड गुण तिने एका वाक्यात सांगितले. लॅपटॉपवाला मुलगाही याहून वेगळे काय सांगतो? जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, साहेब डोक्यावर नसतो, आईच्या हातचे गरम जेवण मिळते.

पण प्रत्येक गोड गुणाच्या पोटात एक कडू बी आहे, तेही पाहू.

उन्हात जावे लागत नाही हे खरे, पण कामावर जायचे नसते तेव्हा कामावरून यायचेही नसते. शेतावर गेलेली बाई दिवस मावळला की घरी येते. तिचा दिवस सूर्य संपवतो. घरी बसलेलीचा दिवस कोण संपवणार? दिवा आहे तोवर आणखी एक कट्टा होतो. पूर्वी कंदील विझला की काम थांबायचे, आता वीज आहे. तिकडे त्या मुलाच्या हातात मोबाईल आहे. रात्री दहाला निरोप आला की जेवता जेवता त्याचा उजवा हात ताटात आणि डावा हात यंत्रावर. साहेब डोक्यावर नाही असे तो म्हणतो खरे. साहेब आता उशाशी आला आहे, एवढाच फरक.

कोणाचे तोंड पाहावे लागत नाही हेही खरे. पण ज्याला कोणाचे तोंड दिसत नाही त्याला कोणाचा आधारही दिसत नाही. शंभर बायका एका छपराखाली बसून वळीत असत्या, तर एकीने पाठ दुखते म्हटल्यावर दुसरीने "माझीही दुखते माय" म्हटले असते, आणि दोघी मिळून मजुरी वाढवून मागायला गेल्या असत्या. घरी एकटीची पाठ दुखते तेव्हा तिला वाटते की दोष आपल्याच पाठीचा आहे.

आणि लेकरू डोळ्यासमोर राहते. हा तिसरा गुण सर्वांत गोड, आणि त्याचे बी सर्वांत कडू. लेकरू डोळ्यासमोर राहते, पण जर्द्याच्या धुळीतही राहते. तंबाखूतील निकोटीन धुराबरोबर फुप्फुसात जाते एवढेच आपल्याला ठाऊक असते. ते कातडीतूनही अंगात भिनते, हे वैद्यकशास्त्राने दाखवून दिले आहे. विडी न ओढणारी विडीवाली अशा रीतीने तंबाखूचा वाटा घेते. खोकला, दमा, डोळ्यांची आग, मान, कंबर आणि बोटांचे सांधे, ही तिची दुखणी. ज्या खोलीत चूल, त्याच खोलीत जर्दा, आणि त्याच खोलीत झोळीत निजलेले मूल. विडीच्या पाकिटावर धोक्याचे चित्र छापलेले असते, पण ते ओढणाऱ्यासाठी. वळणारीच्या सुपावर कसलेही चित्र नाही.

विडी न वळणाऱ्या, खुर्चीवर बसणाऱ्या कामकऱ्यानेही निर्धास्त राहू नये. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली मिळून एक हिशेब प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करण्यामुळे २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे पक्षाघाताने आणि हृदयविकाराने दगावली, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे अतिकाम हे केवळ थकवीत नाही, मारते. आपण त्याला मेहनत म्हणतो म्हणून त्याचे विष कमी होत नाही.

येथे कोणी वारकरी म्हणेल, "अहो, पण संतांनी काम आणि भजन यांत भेदच मानला नाही. सावतोबांनी मळ्यालाच पंढरी केले. मग कामाला सीमा घाला, हे सांगणे संप्रदायाच्या उलट नाही का?"

शंका रास्त आहे. तिचे उत्तर संतांच्याच चरित्रांतून शोधू.

सावतोबांचा मळा डोळ्यासमोर आणावा. मळ्याला बांध असतो. मोट ओढणारा बैल दिवसभर जुंपलेला ठेवीत नाहीत. त्याला सोडतात, पाणी दाखवतात, सावलीला बांधतात. जमिनीलाही पडीक ठेवून विसावा देतात. शेतकऱ्याला मर्यादा शिकवावी लागत नाही, ती त्याच्या कामातच असते. सावतोबांना मळ्यात पांडुरंग दिसला, कारण त्या मळ्यात सकाळ होती आणि संध्याकाळही होती. आमच्या झाडीपट्टीतल्या धानकऱ्याला हे चांगले समजेल. बांधीला धुरा असतो म्हणून तिच्यात पाणी ठरते. धुरा फुटला की पाणी वाहून जाते आणि रोवलेला धान उघडा पडतो. पाणी पुष्कळ आहे म्हणून कोणी धुरा मोडीत नाही. काम पुष्कळ आहे म्हणून दिवसाचा धुरा मात्र आपण खुशाल मोडतो.

आता जनाबाई पाहा. जनाबाई दळीत असता देव येऊन दळू लागला, ही कथा आपण भक्तीचा महिमा म्हणून ऐकतो. ती तशीच ऐकावी. पण तिच्यातली एक साधी गोष्ट आपल्या कानावरून निसटते. देवाने जनीला "दळण हेच माझे भजन, दळीत राहा" असा नुसता उपदेश केला नाही. त्याने खुंट्याला हात लावला. तिचे ओझे अर्धे केले. देवाची रीत ही आणि आपली रीत कोणती? घरातली बाई पहाटे उठून पाणी भरते, स्वयंपाक करते, मग विड्या वळते, मध्येच लेकराला पाजते, संध्याकाळी माल पोचवते, पुन्हा चूल पेटवते. आणि गळ्यात माळ घातलेला घरधनी ओसरीवर टाळ पुसत म्हणतो, "आमच्या घरची मोठी कष्टाळू, जनाबाईच जणू." अहो, तुम्हांस तिच्यात जनाबाई दिसते, तर तुमच्या हाताला खुंटा का लागत नाही?

गोरोबाकाकांची कथा याहून कठीण आहे. काका नामात दंग होऊन चिखल तुडवीत होते आणि रांगत आलेले त्यांचेच मूल पायाखाली गेले. पुढे देवाने ते मूल परत दिले. कीर्तनकार ही कथा तन्मयतेसाठी सांगतात. आमच्या मते तिच्यात घरी काम करणाऱ्या प्रत्येकाला दिलेला एक इशाराही आहे. गोरोबांचे काम अंगणात होते म्हणूनच मूल तिथवर रांगत आले. काम घरात असले म्हणजे त्याच्या पायाखाली येणारे घरचेच असते. देवाच्या नावात दंग झालेल्याचे मूल देवाने परत दिले. हजाराचा हिशेब पुरा करण्यात किंवा साहेबाचा निरोप वाचण्यात दंग झालेल्याचे बालपण-वंचित मूल कोण परत देणार? मूल जिवंत असते, शेजारीच बसलेले असते, "आई, पाहा ना" म्हणत असते. आणि आई मान वर न करता "हो हो" म्हणते. हे तुडवणे रक्त न सांडता होते, म्हणून कोणी ओरडत नाही.

आणि सर्वांत शेवटी पुंडलिक, कारण आपल्या पंढरीचा पायाच तो. देव दाराशी आला तेव्हा पुंडलिक घरीच होता आणि कामात होता; आईबापांची सेवा हे त्याचे काम. त्याने काय केले? वीट फेकली आणि देवाला थांबायला सांगितले. देव थांबला, आणि अठ्ठावीस युगे झाली म्हणतात, अजून उभाच आहे. आपल्या उपासनेचे मूळच हे आहे की, घरातल्या माणसांच्या हक्काच्या वेळेत साक्षात परमेश्वर आला, तरी त्याला थांबवता येते, आणि तो रागावत नाही, उलट प्रसन्न होतो.

मग आम्ही विचारतो : जिथे देवाला थांबवता येते तिथे सट्टेदाराचा हिशेब का थांबू नये? कचेरीचा निरोप सकाळपर्यंत विटेवर का उभा राहू नये? आपण उलटे करून बसलो आहोत. कामाचा निरोप आला की लगेच उठतो, आणि म्हातारी आई हाक मारते तेव्हा तिला म्हणतो, "थांब जरा." वीट आपण अजूनही फेकतो, पण ती आईबापांच्या पायाखाली.

येथपर्यंत बोललो ते ज्याच्या हाती थोडेबहुत आहे त्याला उद्देशून. पण एवढ्यावर थांबलो तर तो गरिबावर अन्याय होईल. लॅपटॉपवाल्याने रात्री यंत्र बंद केले तर साहेब फार तर नाराज होईल. विडीवालीने सूप बाजूला ठेवले, तर हजारातले दोनशे कमी भरतील आणि तेवढी मजुरी जाईल. पोटाला चिमटा असताना "माय, जरा विसावा घे" हा उपदेश फुकट दिलेल्या पंख्यासारखा आहे, ज्याला वीज जोडलेली नाही. मर्यादा पाळण्याचे पुण्य तिच्या एकटीवर टाकून चालणार नाही. मर्यादा पाळता येईल एवढी मजुरी देणे, हे दुसऱ्या कोणाचे तरी कर्तव्य आहे.

सरकारने या घरच्या कामाला सीमा घालण्याचे प्रयत्न केले नाहीत असे नाही. गोंदिया ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडात होते त्या प्रांताने १९४८ साली एक कायदा केला. शेतीच्या हंगामात ठरवून दिलेल्या गावांतून विड्या करण्यास मनाई, कारण शेतीला मजूर मिळेनात. सागर जिल्ह्यात तसा हुकूम निघाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५० साली न्यायालयाने तो निर्बंध रद्द ठरवला. शेतात जाण्याची ताकद नसलेल्या म्हाताऱ्या बाया, अपंग, दुबळे, हे फावल्या वेळात विडी करून पोटाला चार पैसे मिळवतात. सरसकट बंदीने त्यांचाही घास जातो, असा त्या निकालातला एक महत्त्वाचा विचार होता. यातून आम्ही एवढे शिकलो की नुसते "करू नका" म्हणणे हा न्याय नव्हे. हातातले काम काढून घ्यायचे तर दुसरे काम हातात द्यावे लागते.

पुढे १९६६ साली विडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि घरी बसून वळणारीही 'कामगार' आहे हे त्यात मान्य झाले. रजा, बाळंतपणाचा लाभ या गोष्टी तिच्याही नावे लिहिल्या गेल्या. १९७६ साली तिच्या औषधपाण्यासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी, घरासाठी कल्याण निधीचा कायदा झाला. त्यासाठी विडीवर बसवलेला उपकर २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा बंद झाला. १९६६चा तो कायदाही २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे. कायदे बदलतात, पण कागदावरचा हक्क उंबरठा ओलांडून आत येण्यासाठी कोणीतरी हात धरून आणावा लागतो. ओळखपत्र नाही, नाव हजेरीवर नाही, पुस्तक सट्टेदाराच्या कपाटात, मग हक्क असून नसल्यासारखा. गावात भजनी मंडळ आहे, चार लिहितेवाचते वारकरी आहेत. त्यांनी गुरुवारी भजन संपल्यावर अर्धा तास बसून अशा बायांचे अर्ज लिहून द्यावेत. तोही हरिपाठच समजावा.

मंगळवेढ्याला १३३८ साली गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणून महाद्वारी समाधी बांधली. आजही प्रत्येक वारकरी त्या समाधीपुढे डोके टेकून मगच आत जातो. याचा अर्थ मनात नीट धरावा. कामाखाली चिरडलेल्या माणसाला ओलांडून विठोबाकडे जाण्याची वाटच आपल्या संप्रदायाने ठेवलेली नाही.

आता एक अवघड गोष्ट, जी आपापसांत बोलायलाच हवी. हे जे घरून काम, त्यातून निपजते काय? विडी. ती ओढणाऱ्याला रोग होतो, हे आता सर्वांस ठाऊक आहे. तर मग वळणारीस पाप लागते काय?

आमचे मत असे की, पोटासाठी, दुसरा मार्ग नसताना, जी बाई विडी वळते तिच्या माथी हा दोष मारू नये. दोष वाटायचा तर तो ज्याच्या हाती जितकी निवड आहे तितका वाटावा. मालकाला निवड आहे, विकणाऱ्याला आहे, आणि ओढणाऱ्याला तर नक्कीच आहे. गळ्यात तुळशीची माळ आणि कानावर अर्धी विडी, असे माळकरी आपण पाहत नाही काय? मद्यमांस सोडले म्हणून आपण मिरवतो आणि विडीला 'ती काय, जराशी' म्हणून सोडून देतो. दिंडीत विसाव्याला बसले की काडी पेटते. ज्याने माळ घातली त्याने विडी सोडावी, हे आम्ही येथे स्पष्टच सांगतो.

"सगळ्यांनीच सोडली तर त्या बाईने खावे काय?" हा प्रश्न मग उभा राहतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. विडीचा धंदा पूर्वीसारखा राहिलेला नाहीच; तो आटत जाईल तशी ही माणसे वाऱ्यावर सोडावयाची काय? गोंदियाच्या मातीत दुसरी कामे नाहीत असे नाही. मोहफूल आहे, पळसावरची लाख आहे, तलाव-बोड्यांतले मासे आणि शिंगाडे आहेत, धान तर आहेच. वनहक्क कायदा २००६ साली झाल्यानंतर या भागातल्या काही ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या आहेत. महिलांचे बचतगट आहेत. हे सारे अजून थोडे आहे. पण विडीवालीचा हात मोकळा व्हायचा तर आधी या कामांची वाट रुंद करावी लागेल, आणि ती रुंद होईतो तिच्या आजच्या मजुरीची आणि आजच्या फुप्फुसांची काळजी घ्यावी लागेल. दोन्ही एकदमच करावे लागेल. एक झाल्यावर दुसरे म्हटले, की दोन्ही राहते.

आता घरी काम करणाऱ्याने आज, आपल्या हाती आहे तेवढ्यात, काय करावे? आपल्या संप्रदायाने यासाठी लागणारी सगळी शिस्त आधीच घालून ठेवली आहे. ती नव्या कामाला लावायची, एवढेच.

पहाटेचा काकडा आणि सायंकाळचा हरिपाठ हे दिवसाचे दोन धुरे आहेत. हरिपाठाची टाळी पडली की सूप कोपऱ्यात, लॅपटॉप मिटलेला, मोबाईल देवघराबाहेर. त्यानंतर काम नाही. ज्या घरी मजुरीची ओढाताण फार आहे तिथे निदान हरिपाठाचा तास तरी कोणी कोणाकडून काम घेऊ नये. कामाची जागा एक ठरवावी आणि ती चुलीपासून व पाळण्यापासून दूर असावी. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जर्दा झाकून ठेवावा. लेकराला जवळ घेण्याआधी हात साबणाने धुवावेत आणि जमल्यास कामाचे लुगडे वेगळे ठेवावे. देवाला शिवण्याआधी आपण सोवळे पाळत आलो, मग बाळाला शिवण्याआधी का नको? घटकेघटकेला उठून चार पावले चालावे, मान फिरवावी, दूरच्या झाडाकडे पाहावे. खुर्चीवाल्यासही हाच नियम. जेवताना जेवावे.

महिन्यातल्या दोन एकादश्या आपण उपवासाच्या पाळतो. त्या कामाच्या उपवासाच्याही पाळता आल्या तर वर्षाकाठी चोवीस दिवस देहाला आणि घराला मिळतील. आपल्या देशात रविवारची सुट्टी कायद्याने येण्याआधी कितीतरी शतके कष्टकऱ्याला एकादशी ठाऊक होती.

आणि वारी. आषाढी म्हणजे आमच्या भागात धानाच्या रोवणीचे दिवस. पूर्व टोकाच्या गोंदियाहून पंढरी लांब, आणि चिखलात पाय रुतलेल्याला निघणे कठीण. तेव्हा इकडचे कितीएक घरीच वारी करतात. २०२० आणि २०२१ साली साऱ्या महाराष्ट्रालाच ती घरून करावी लागली. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरीस गेल्या आणि लाखो वारकरी आपापल्या ओसरीवर राहिले. घरून केलेली वारी सोपी नसते, हे त्या वेळी पुष्कळांना कळले. दिंडीत विणेकरी असतो, चोपदार असतो. केव्हा चालावे, केव्हा थांबावे, हे आपोआप होते. घरी चोपदार नसतो. आपणच आपला चोपदार व्हावे लागते. दंड उंचावून स्वतःला "थांब" म्हणण्याची सवय ज्याने लावून घेतली त्यालाच घरची वारी घडते, आणि घरचे कामही त्यालाच पचते.

पालखीच्या वाटेवर मुक्काम असतात, आणि मुक्कामांच्या मध्ये विसावे असतात. पुण्यात तर माउली दोन रात्री राहतात. इतक्या लाखो लोकांना पांडुरंगाच्या भेटीची तळमळ लागलेली असते, तरी कोणी म्हणत नाही की विसावे कशाला, रात्रंदिवस चालत चार दिवस आधी पोचू. देवाकडे जातानासुद्धा विसाव्याशिवाय जायचे नाही, अशी आपल्या पूर्वजांनी घालून दिलेली रीत आहे. मग पोटाकडे जाताना एवढी घाई का?

तेव्हा बंधुभगिनींनो, कामच भजन कर, हे उत्तर आम्ही टाकून देत नाही. त्याला दुसरा अर्धा भाग जोडून देतो. भजनाला जसा ताल असतो तसा कामालाही असू द्यावा. ताल म्हणजे टाळी आणि टाळीमधली मोकळी जागा, दोन्ही मिळून. नुसत्या टाळ्यांचा कडकडाट केला तर त्याला कोणी भजन म्हणत नाही. आणि ज्यांच्या घरी ती मोकळी जागा गरिबीने गिळली आहे त्यांच्या खुंट्याला हात लावावा, जनीच्या देवाने लावला तसा. आज संध्याकाळी हरिपाठाला बसण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घरात एकवार नजर टाकावी : कोणाचे हात अजून कामात आहेत? ते हात मोकळे करून मगच टाळ उचलावा.

रामकृष्णहरि.